डेल्टा १०१०एलटी मोफत द्यायचं आहे, पण घेण्याआधी हे वाचा

एम-ऑडिओचं डेल्टा १०१०एलटी हे पीसीआय साउंड कार्ड, म्हणजे डेस्कटॉपच्या आत बसवून एका वेळी अनेक चॅनेल रेकॉर्ड करायचं कार्ड, द्यायचं आहे. पैसे नकोत. कार्ड चालू आहे, केबलचे दोन्ही गुच्छ सोबत आहेत, जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या, ज्या हलवून सेटिंग बदलतात) जागच्या जागी आहेत. अट एकच: ज्याच्याकडे ते खरंच बसेल आणि ज्याला एका वेळी दोनपेक्षा जास्त चॅनेल रेकॉर्ड करायचे आहेत, त्यानेच न्यावं. जुनं प्रोफेशनल कार्ड नुसतं हातात ठेवलं तर घेणाऱ्याच्या माळ्यावर आणखी एक डबा वाढतो, म्हणून कार्डाबरोबर माहितीही पूर्ण द्यायला हवी असं माझं मत आहे. खाली लिहिलेलं बरंचसं डेल्टा ४४, डेल्टा ६६ आणि ऑडिओफाइल २४९६ या भावंडांनाही लागू पडतं. तुमच्याकडे त्यातलं एखादं पडून असेल आणि द्यायचं असेल, तर त्यासाठीही उपयोग होईल.

आधी कार्डाबद्दल. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती आणि छोट्या स्टुडिओंत या मालिकेचा मोठा बोलबाला होता. १०१०एलटीला आठ ॲनालॉग इनपुट, आठ ॲनालॉग आउटपुट आणि कोॲक्सिअल एसपीडीआयएफची (डिजिटल आवाजाची) एक-एक जोडी आत-बाहेर. म्हणून नावात दहा-दहा. शिवाय मिडी (कीबोर्डसारख्या वाद्यांची जोडणी) इन-आउट आणि वर्ड क्लॉकसाठी, म्हणजे अनेक उपकरणांचा ताल एक ठेवण्यासाठी, बीएनसी कनेक्टर. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत. मुख्य चिप आयसीई१७१२, म्हणजेच एन्व्ही२४. कन्व्हर्टर, म्हणजे ॲनालॉगचं डिजिटल आणि डिजिटलचं ॲनालॉग करणारे, एकेएम कंपनीचे एके४५२४, एकेका चिपमध्ये दोन इनपुट आणि दोन आउटपुट, अशा चार चिपा. एम-ऑडिओ २००४ मध्ये ॲव्हिडने घेतली आणि २०१२ मध्ये ती इनम्युझिककडे गेली. या प्रवासात डेल्टा मालिका मागे पडली आणि ड्रायव्हरचं कामही थांबलं.

आता सरळ सांगतो. तुम्हाला एक माइक आणि एक गिटार रेकॉर्ड करायची असेल, तर आजचा साधा दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस जास्त सोयीचा पडेल. त्यात फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) असते, गेनचा नॉब असतो, लॅपटॉपला लागतो. आठ इनपुटचा यूएसबी इंटरफेस मात्र आजही महाग आहे, आणि या कार्डाचं मोल तिथेच आहे. सहा-आठ चॅनेल एकाच वेळी, एकाच क्लॉकवर, वर्षानुवर्षं न कुरकुरता घ्यायचे असतील तर हे कार्ड अजून खणखणीत काम देतं.

केबलशिवाय कार्ड घेऊ नका, देऊ नका

१०१०एलटीच्या पाठच्या पट्टीवर आरसीए (टेप डेकला असतात तसली गोल टोकं) किंवा जॅक असं काहीच नसतं. फक्त डी आकाराचे कनेक्टर असतात आणि त्यांतून दोन गुच्छ बाहेर येतात. त्या गुच्छांच्या टोकांना दोन एक्सएलआर (माइकची तीन पिनांची टोकं), भरपूर आरसीए, मिडी आणि बीएनसी. या केबल कंपनीने याच कार्डासाठी बनवलेल्या. प्रिंटरची जुनी केबल कापून जोडता येईल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आतली जोडणी वेगळी असते. जुन्या बाजारात केबल नसलेली कार्डं स्वस्तात दिसतात ती याच कारणाने.

डेल्टा ४४ आणि ६६ला गुच्छाऐवजी एक छोटा डबा येतो, तो हरवला तर ॲनालॉगसाठी कार्डाचा उपयोग संपला. मूळ डेल्टा १०१०ला रॅकमध्ये बसणारा मोठा डबा आणि त्याचा वेगळा ॲडॅप्टर असतो. त्या रॅकमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुगणं, गळणं हा त्या मॉडेलचा जुना आजार आहे. आवाजात खरखर किंवा एखादा चॅनेल मेला असेल तर आधी झाकण उघडून कपॅसिटरची डोकी बघा. वर फुगवटा किंवा तपकिरी डाग दिसला की बदलायचे, त्याच मूल्याचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे. ऑडिओफाइल २४९६चं सोपं आहे: ॲनालॉग आरसीए थेट कार्डावर आहेत, फक्त मिडी आणि एसपीडीआयएफला छोटी केबल लागते. ती नसली तरी स्टिरिओचं काम चालतं.

गुच्छाच्या प्रत्येक टोकावर कोणता चॅनेल ते छापलेलं असतं. हाताळून हाताळून ते पुसट होतं. देण्याआधी प्रत्येक टोक तपासून पांढऱ्या टेपवर नाव लिहून ठेवलं की घेणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो. या संचाला तशी टेप लावलेली आहे.

तुमच्या मशीनमध्ये बसेल का?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. या कार्डाला जुना पीसीआय स्लॉट लागतो, पीसीआय एक्सप्रेस नाही. पीसीआय स्लॉट साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब, बहुधा पांढरा किंवा फिकट पिवळसर. ग्राफिक्स कार्डाचा एक्स१६ स्लॉटही जवळपास तेवढाच लांब असतो, त्यामुळे फोटोत फसगत होते. एक्स१६च्या टोकाला कार्ड पकडणारी खिटी असते आणि आतली आडवी खाच पाठच्या पट्टीच्या बाजूला असते. डेस्कटॉपवरच्या नेहमीच्या पीसीआय स्लॉटमध्ये ती खाच उलट बाजूला, पट्टीपासून लांब असते.

खाचेवरून आणखी एक गोष्ट कळते. पट्टीपासून लांब खाच म्हणजे ५ व्होल्टचा स्लॉट, पट्टीजवळ खाच म्हणजे ३.३ व्होल्टचा. कार्डाला दोन्ही जागी कापलेलं असेल तर ते दोन्हीकडे चालतं. साध्या डेस्कटॉपमध्ये सगळे स्लॉट ५ व्होल्टचे, तिथे विचार करायचं कारण नाही. सर्व्हरचे पीसीआय-एक्स स्लॉट आणि पीसीआय-एक्सवाले पॉवर मॅक जी५ यांच्यात मात्र फक्त ५ व्होल्टचं कार्ड जात नाही. जोर लावू नका.

स्लॉट आहे एवढ्याने भागत नाही. तो स्लॉट चिपसेटमधून (बोर्डाच्या मुख्य चिपमधून) थेट निघालाय की पीसीआय एक्सप्रेसचं पीसीआय करणाऱ्या मधल्या ब्रिज चिपमधून, हे महत्त्वाचं आहे. इंटेलच्या जी४१, पी४५ यांसारख्या जुन्या बोर्डांवर पीसीआय थेट येतो. २०११च्या सहाव्या मालिकेपासून इंटेलने घरगुती चिपसेटमधून पीसीआय काढून टाकला, पण ऑफिससाठीच्या क्यू६७, पुढे बी७५ आणि क्यू७७ यांत तो राहिला. एएमडीकडे एसबी७१० आणि एसबी९५० असलेले बोर्ड चांगले. त्यानंतरच्या बहुतेक बोर्डांवर स्लॉट दिसतो, पण मागे ब्रिज असतो.

ब्रिज म्हणजे वाईटच असं नाही, पण एएसमीडियाच्या एएसएम१०८३ या चिपने लिनक्सवाल्यांना फार छळलं आहे. जुन्या पीसीआयमध्ये कार्ड एका प्रत्यक्ष तारेवर इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असा इशारा, देतं आणि काम झालं की तार सोडतं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये अशी तार नाही. ब्रिजला ‘तार ओढली’ आणि ‘तार सोडली’ असे दोन निरोप पाठवावे लागतात. ही चिप कधीकधी दुसरा निरोप पाठवतच नाही. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, वाटतं इंटरप्ट अजून चालूच आहे. तो पुन्हा पुन्हा विचारतो, कोणताच ड्रायव्हर ‘माझा’ म्हणत नाही. एक लाखांपैकी ९९,९०० वेळा असं झालं की कर्नल ती ओळच बंद करतो आणि लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश टाकतो. रेकॉर्डिंग तासभर छान चालतं आणि मग अचानक तुटक-तुटक होतं, ते यामुळे. बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) वाढवून हा दोष जात नाही. बोर्डावर एएसएम१०८३ असेल तर हे कार्ड त्यात बसवू नका असंच सांगेन.

पीसीआय एक्सप्रेसमधून पीसीआय करून देणारे ॲडॅप्टर मिळतात. त्यांत विजेचा घोळ असतो. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट १२ आणि ३.३ व्होल्ट एवढंच देतो. पीसीआयला ५ व्होल्ट लागतात, शिवाय अधिक १२ आणि उणे १२. बरे ॲडॅप्टर ५ व्होल्ट तयार करतात किंवा सप्लायच्या वेगळ्या प्लगमधून घेतात. उणे १२ अनेकजण गाळूनच टाकतात. नेटवर्क कार्डाला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑडिओ कार्डावर मात्र ऑपॅम्पना (ॲनालॉग सिग्नल हाताळणाऱ्या चिपांना) उणे १२ लागत असतील तर कार्ड ओळखलं जातं, मिडी चालतं, डिजिटल चालतं आणि ॲनालॉग गप्प किंवा चिरका येतो. ॲडॅप्टर घ्यायचाच असेल तर त्याच्या माहितीत उणे १२ व्होल्ट लिहिलंय का ते बघून घ्या.

माझ्या मते सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ऑफिसांतून निघालेला जुना ब्रँडेड टॉवर. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० मिनी टॉवर हे चांगलं उदाहरण: क्यू७७ चिपसेट, एक खरा पीसीआय स्लॉट, तिसऱ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात जुने संगणक विकणाऱ्यांकडे असे टॉवर नेहमी दिसतात. विचारताना ‘मिनी टॉवर’च म्हणा. याच नावाचा बुटका, एसएफएफ डबा मिळाला तर त्यात पीसीआय नाही, आणि हे पूर्ण उंचीचं कार्ड त्यात मावणारही नाही.

कोणत्या सिस्टिमवर चालवायचं

विंडोज एक्सपी आणि ७ वर कंपनीचा ड्रायव्हर नीट चालतो. विंडोज १० किंवा ११ चा विचार असेल तर हे कार्ड नेऊ नका. जुना ड्रायव्हर कसाबसा बसवता येतो असं म्हणणारे भेटतात, पण ऐन कार्यक्रमात विश्वास ठेवावा अशी ती व्यवस्था नाही. एक्सपी किंवा ७ ठेवायचं तर मशीन इंटरनेटला न जोडता फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवा.

लिनक्सवर या कार्डाचं खरं सोनं होतं. आयसीई१७१२चा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. पीसीआय उपकरणांची यादी काढली की त्यात व्हियाच्या नावाखाली आयसीई१७१२ एन्व्ही२४ दिसलं पाहिजे. कार्डावरच्या छोट्या ईईप्रॉम मेमरीमध्ये मॉडेलचा क्रमांक असतो, त्यावरून ड्रायव्हर १०१०एलटी ओळखतो. यादीत काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं नसतं किंवा सोनेरी पट्ट्यांवर काजळी असते.

नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की ही चिप स्टिरिओ उपकरण म्हणून पुढे येतच नाही. ती एकदम १० चॅनेल बाहेर आणि १२ चॅनेल आत मागते, तेही ३२ बिटांच्या चौकटीत. बाहेरचे पहिले आठ ॲनालॉग, ९-१० एसपीडीआयएफ. आतले पहिले आठ ॲनालॉग, ९-१० एसपीडीआयएफ आणि ११-१२ म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मिक्सरचा निकाल. साध्या ॲपला हे झेपत नाही आणि आवाज भलत्याच चॅनेलला जातो. आजकाल पाइपवायर (लिनक्सची आवाजाची व्यवस्था) असलेल्या सिस्टिमवर उपाय सोपा झालाय: आवाजाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे पाव्हूकंट्रोलमध्ये, कॉन्फिगरेशनच्या पानावर या कार्डाला ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल द्या. मग आर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे चॅनेल जसेच्या तसे दिसतात.

दुसरं आवश्यक साधन एन्व्ही२४कंट्रोल, म्हणजे या कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर. डेबियन आणि उबंटूवर ते अल्सा-टूल्स-जीयूआय या पॅकेजमध्ये येतं. मुदिता२४ ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. मीटर वाचायला मला ती जास्त आवडते.

कार्ड दिसतंय, पण आवाज नाही

जुनं डेल्टा मिळालेल्यांची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि जवळजवळ कधीच कार्ड बिघडलेलं नसतं. आधीच्या मालकाच्या सेटिंग किंवा ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या सेटिंग आड येतात. एन्व्ही२४कंट्रोलमध्ये या क्रमाने बघा.

आधी मास्टर क्लॉक. तो एसपीडीआयएफ इनपुटवर ठेवलेला असेल आणि तिथे काही जोडलेलं नसेल, तर कार्डाला ताल देणारं कुणी नाही. गाणं सुरूच होत नाही किंवा भलत्या वेगाने वाजतं. तो इंटर्नल ४८,००० किंवा ४४,१०० वर आणा. जवळच ‘रेट लॉक’ आहे. तो लागलेला असेल तर दुसऱ्या दराची फाइल नाकारली जाते किंवा चुकीच्या स्वरात वाजते.

मग पॅचबे. प्रत्येक हार्डवेअर आउटला कोणता स्रोत जायचा ते तिथे ठरतं. आउट १ला पीसीएम १ (सॉफ्टवेअरकडून येणारा पहिला चॅनेल), आउट २ला पीसीएम २, याप्रमाणे लावा. आउट १-२ आणि एसपीडीआयएफ यांना ‘डिजिटल मिक्स’ही देता येतो, म्हणजे चिपमधल्या ३६ बिटांच्या मिक्सरमधून दहा प्लेबॅक आणि दहा इनपुट एकत्र होऊन येतात. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जराही उशीर न होता ऐकवायचा तर हाच मार्ग, कारण आवाज संगणकाच्या प्रोसेसरपर्यंत जातच नाही. पण डिजिटल मिक्स निवडला आणि मिक्सरचे फेडर तळाला असले की शांतता.

शेवटी ॲनालॉग व्हॉल्यूमचं पान. डीएसी (बाहेर जाणारा आवाज) आणि एडीसी (आत येणारा आवाज) हे आकडे ० ते १२७ असतात. १२७ म्हणजे काहीही न घटवता. हे शून्यावर राहिले की बाकी सगळं बरोबर असूनही आवाज येत नाही. त्याच पानावर आयपीजीए नावाचं तिसरं सरकं आहे, ० ते ३६, प्रत्येक पायरी अर्धा डेसिबल, म्हणजे कमाल १८ डेसिबल वाढ. ते शून्यावरच ठेवा आणि स्रोत फारच मंद असेल तरच चढवा, कारण त्याबरोबर सुरसुरही चढते. सगळं लागलं की अल्साच्या (लिनक्समधल्या साउंड ड्रायव्हरच्या) सेटिंग साठवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

बफर १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एक बफर २.७ मिलिसेकंदांचा होतो. नुसतं रेकॉर्डिंग असेल तर एवढी घाई कशाला? १०२४ ठेवा आणि निर्धास्त राहा. बँडविड्थची चिंता नको: बावीसच्या बावीस चॅनेल ९६ किलोहर्ट्झला चालवले तरी सेकंदाला साधारण ८.४ मेगाबाइट होतात, पीसीआयची क्षमता १३३ आहे.

माइकचे दोन चॅनेल

इनपुट १ आणि २ एक्सएलआर आहेत आणि कार्डावरच्या जंपरने ते माइक किंवा लाइन असे ठरतात. नॉब नाही, सॉफ्टवेअरमध्ये अदलाबदल नाही. मशीन बंद करून, झाकण उघडून, चिमट्याने जंपर हलवायचा. या कार्डावर सध्या दोन्ही माइकवर आहेत. या स्थितीत मिक्सरचा लाइन सिग्नल दिला तर आवाज फुटतो, आणि लाइनवर असताना माइक दिला तर कुजबुज येते. घेणाऱ्याने कोणत्या बाजूला काय आहे ते कागदावर लिहून मशीनच्या आतल्या बाजूला चिकटवावं.

या इनपुटना फँटम पॉवर नाही. डायनॅमिक माइक थेट चालेल. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, त्यासाठी बाहेरचा प्रीॲम्प किंवा मिक्सर हवा. आतले प्रीॲम्प ठीकठाक आहेत, एवढंच म्हणेन. चांगला बाहेरचा प्रीॲम्प असेल तर तो ३ ते ८ मधल्या आरसीएला जोडा आणि १-२ मोकळे सोडा.

कुणाच्या उपयोगाचं

माझ्या मनात दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले, ज्यांच्याकडे कॅसेटचे ढीग आहेत: कीर्तनं, व्याख्यानं, शाळेचे कार्यक्रम, घरच्या बैठका. आरसीए इनपुट ३ ते ८ म्हणजे तीन स्टिरिओ जोड्या, म्हणजेच एका वेळी तीन डेक. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची; त्या अर्ध्या तासात तीन बाजू उतरतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक स्टिरिओ बाजू साधारण ५१८ मेगाबाइट होते, तीन मिळून दीड गिगाबाइटच्या किंचित वर. टेराबाइटच्या डिस्कवर हे काहीच नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. २४ बिटांत जागा भरपूर आहे, वरपर्यंत ढकलण्यात काही अर्थ नाही.

तीन डेक जोडण्याच्या उत्साहात हेड साफ करायला विसरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, दर काही कॅसेटांनंतर. ॲझिमथचा (हेडचा तिरकेपणा ठरवणारा) स्क्रू तर प्रत्येक कॅसेटला बघावा असा: दोन्ही चॅनेल एकत्र मोनो करून ऐका आणि टाळांचा, ‘स’काराचा आवाज जिथे सर्वांत स्वच्छ येतो तिथे स्क्रू थांबवा. हे रेकॉर्डिंगनंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तितकंसं भरून निघत नाही. कॅसेट वाजतच नसेल तर टेपमागची स्पंजची गादी गळून पडलीय का बघा. तबकड्या उतरवायच्या असतील तर टर्नटेबल थेट आरसीएला जोडू नका. मधे फोनो प्रीॲम्प हवा, नाहीतर आवाज बारीक आणि खर्जहीन येईल.

दुसरे म्हणजे भजनी मंडळं, छोटे नाट्यगट, संगीत वर्ग. गायक, पेटी, पखवाज, टाळ, कोरस असे वेगवेगळे ट्रॅक मिळाले तर नंतर पखवाज किंवा टाळ खाली आणता येतात. दोन चॅनेलच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ एकदा वर चढले की चढले. मंडळाच्या मिक्सरला प्रत्येक चॅनेलला इन्सर्ट जॅक (सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायचा) असेल तर टिप आणि रिंग एकत्र जोडलेला टीआरएस जॅक करून घ्या, दुसऱ्या टोकाला आरसीए. सिग्नल मिक्सरमध्ये परतही जातो आणि कार्डालाही मिळतो, म्हणजे सभागृहातला आवाज बंद पडत नाही. इन्सर्टची पातळी आरसीए इनपुटला जड जाऊ शकते. मीटर बघत मिक्सरचा गेन जरा खाली ठेवा. कन्व्हर्टरच्या आधीच फुटलेला आवाज एडीसीचं सरकं खाली ओढून सुधारत नाही.

दोन्ही वापरांत गुणगुण त्रास देईल. ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली घरघर म्हणजे अर्थिंगच्या तारेचं वेटोळं, अर्थात ग्राउंड लूप. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवा. तरीही गेली नाही तर त्या जोडीला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय गावोगावी केला जातो. माइक हातात धरलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे, करू नका. माउस हलवला की चिरचिर बदलत असेल तर कार्ड ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या स्लॉटमध्ये न्या.

तपासणी कशी केली, आणि तुम्ही कशी करायची

आउटपुट एकेक करून इनपुटला जोडून १ किलोहर्ट्झचा, उणे ६ डेसिबलचा सूर सोडायचा आणि परत रेकॉर्ड करायचा. आठही चॅनेलची पातळी एकमेकांशी जुळली पाहिजे. एखादा ३ डेसिबलने खाली असेल तर आधी आरसीएचं टोक हलवून बघा. मग काहीही न वाजवता मिनिटभर रेकॉर्ड करून तळाची सुरसुर मोजायची. लाइन इनपुटला उणे ९० डेसिबलच्या आसपास किंवा खाली असेल तर तब्येत उत्तम. माइकवर ठेवलेले दोन चॅनेल यापेक्षा खरखरीत असणारच. शेवटी ९६ किलोहर्ट्झला आठ चॅनेल तासभर चालू ठेवून लॉगमध्ये इंटरप्टची तक्रार येते का ते बघायचं. कार्ड पोचलं की हीच तपासणी तुमच्या मशीनवर करा, म्हणजे दोष कार्डात की बोर्डात ते लगेच कळेल.

काढताना-बसवताना मशीन बंद करून प्लगही काढा. प्लग असताना सप्लायचे स्टँडबाय ५ व्होल्ट चालूच असतात. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. गुच्छांचे स्क्रू आधी सोडवा, मग पट्टीचा स्क्रू, मग कार्ड सरळ वर. बसवण्याआधी सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा आणि कचरा ब्रशने झाडा, तो स्लॉटमध्ये जायला नको. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर आरसीएच्या टोकांवर हिरवट थर चढतो; काँटॅक्ट क्लीनर आणि कापड एवढ्याने निघतो.

कार्ड चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, त्याबाहेर बबल रॅप, मग खोकं. थर्माकोलचे दाणे पिशवीबाहेरसुद्धा नकोत. केबलचे गुच्छ जड आहेत आणि एक्सएलआर धातूचे. ते वेगळ्या छोट्या खोक्यात बांधून मग मोठ्या खोक्यात, नाहीतर वाटेत तेच कार्डावर आपटतात. समोरासमोर नेणाऱ्याला प्राधान्य, कुरिअरचा खर्च घेणाऱ्याचा.

कुणीच योग्य माणूस मिळाला नाही तरी हे भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणार नाही. या काळातल्या बोर्डांच्या जोडणीत शिसं असतं आणि उघड्यावर जाळून तांबं काढण्याची पद्धत अजून गेलेली नाही. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच ते जाईल.

हवं असेल तर तीन गोष्टी कळवा: मदरबोर्डचं मॉडेल आणि स्लॉटचा वरून काढलेला स्पष्ट फोटो, कोणती सिस्टिम चालवणार, आणि काय रेकॉर्ड करायचंय. बोर्डावर ब्रिज चिप असेल तर तिच्यावरचा क्रमांकही. लिनक्स कधी वापरलं नसेल तरी हरकत नाही. पॅचबेच्या योग्य सेटिंगचा छापील कागद खोक्यात ठेवलेला आहे.